नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, सारखीच. ही सतरा अंकी संख्या मला आपल्या शाळेने दिली, आणि सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात मला तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

१११११११११ चा वर्ग केला की ती मिळते. आठवीत बाईंनी उत्तर आधी सांगितलं नाही, फळ्यावर उभा गुणाकारच मांडायला लावला. नऊ ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली आणि सगळीकडे फक्त एक. मग बेरीज. उजव्या टोकाला एक, शेजारी दोन, मधोमध नऊ, पुन्हा उतरत उतरत एक. एकदाही हातचा नाही! बाकी सगळं त्यातूनच येतं.

"दहा एक घेतले तर?" बाईंनी विचारलं. मधल्या घरात दहा होतात, पहिला हातचा डावीकडच्या नवावर जातो, त्याचेही दहा होतात, मग आठाचा नऊ. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गेला. नक्षी कुठे मोडते आणि का मोडते, हे शोधायला लावणारे शिक्षक लाभणं हे आमचं भाग्य.

अशा संख्यांना गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी 'डेम्लो संख्या' म्हटलं. त्यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. माध्यमिक शिक्षण आपल्या ठाण्यात झालं आणि पुढे १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीला शाळेत शिकवलं. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे ते जगभर माहीत आहेत (सगळे सारखे नसलेले चार अंक उतरते आणि चढते लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी हीच संख्या येते). पण डेम्लो आपल्याला जास्त जवळची, कारण डेम्लो म्हणजे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं तेव्हाचं स्टेशन, आजचं डोंबिवली. ही कल्पना त्यांना तिथे सुचली. ठाण्याहून स्लो लोकलने पाचवं स्टेशन! हे कळल्यावर वर्गात जो गलका झाला, तो शेजारच्या तुकडीपर्यंत गेला असणार.

अवयव पाडण्याचं काम ऑफ तासाला झालं. १११११११११ म्हणजे ९ × १२३४५६७९ (इथेही आठ नाहीच). त्यातले १२३४५६७९ म्हणजे ३७ × ३३३६६७. आता ३३३६६७ मूळ आहे का? ५७८ चा वर्ग त्याहून मोठा, म्हणून ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. आम्ही त्या बाकांमध्ये वाटून घेतल्या. एकाही बाकावर नि:शेष भाग गेला नाही. मूळच ती. म्हणजे आपली संख्या ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. घातांकांत एकेक मिळवून गुणलं, ५ × ३ × ३, की विभाजक ४५. विषम, कारण वर्गमूळ हा विभाजक स्वतःचाच जोडीदार असतो. कुठल्याही पूर्ण वर्गाचं तसंच.

आत्ताच्या आठवीसाठी एक काम ठेवते. अकरा एक घ्या आणि अवयव पाडा. तीनने जाणार नाही, सदतीसनेही नाही. पहिला मूळ अवयव थेट पाच अंकी आहे, तेव्हा शेजारच्या तुकडीलाही सोबत घ्या.