पडवीत पाच पुस्तकं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडला की हा प्रश्न मला रोज एकदा तरी ऐकू येतो. वाचनालयाच्या पायरीवर चपला काढता काढता कुणीतरी म्हणतं, "बाई, आमचा आता सहावीत जाईल. सुट्टीत वाचायला काय देऊ त्याला? मोबाइल सोडतच नाही." विचारणारा मुंबईहून आलेला चाकरमानी असला तर जरा घाईत असतो. त्याची परतीची गाडी ठरलेली असते आणि मुलं मात्र जून लागेपर्यंत आजीकडे राहणार असतात. सगळ्यांना माझ्याकडून एका पुस्तकाचं नाव हवं असतं. एकच, चांगलं, चार संस्कार करणारं.

मी नाव सांगत नाही. म्हणते, मुलाला घेऊन या. त्यावर पुष्कळांचा चेहरा उतरतो, बाईंनी टाळलं असं वाटतं. म्हणून आज नीट बसून लिहिते आहे.

आमचं वाचनालय मालगुंडपासून फार लांब नाही, खाडीच्या अंगाला. दोन खोल्या आणि पुढे पडवी. सरकारी प्रतवारीत अ, ब, क, ड असे वर्ग असतात, त्यातला आमचा ड. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. त्यांच्यापुढे आम्ही कालचं पोर. पण मुलांच्या पुस्तकांचं एक कपाट आमच्याकडे आहे आणि त्याला दारं नाहीत. सुतार बोलावून ती मीच काढून घेतली. ते का, हे आधी सांगते, कारण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

माझ्या शाळेत पुस्तकांचं कपाट होतं. काचेचं, कुलूपबंद. शनिवारी शाळा सुटताना ते उघडायचं आणि हजेरीच्या क्रमाने एकेकाच्या हातात एकेक पुस्तक पडायचं. कुठलं पडेल ते नशीब. सोमवारी परत देताना तात्पर्य सांगावं लागे. सातवीच्या वार्षिक परीक्षेनंतर सुट्टीसाठी म्हणून मला एका बेटावरची गोष्ट मिळाली होती. आई फणस फोडत होती, मी गरे काढत होते आणि पुस्तक मांडीशेजारी उघडं ठेवलं होतं. पान उलटायला बोट लावलं आणि चीक लागला. हाताचा चीक खोबरेलाने निघतो, कागदाचा निघत नाही. दोन पानं एकमेकांना चिकटली ती सोडवताना फाटली. जूनमध्ये मला वर्गापुढे उभं केलं आणि सांगितलं की हिला आता वर्षभर पुस्तक मिळणार नाही. नाहीच मिळालं. आठवीचं अख्खं वर्ष मी काचेतून पुस्तकांची नावं वाचत काढलं. ती ओळीने अजून पाठ आहेत. आत काय होतं ते कधी कळलं नाही.

मला तारलं आजोळाने. राजापूरकडे मामाच्या घरी माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात 'चांदोबा' आणि 'किशोर'चे जुने अंक. वाळवीने कडा खाल्लेल्या, मधले अंक गायब. दुपारी जेवणं झाली, मोठी माणसं आडवी झाली की मी शिडीने वर चढायचे. कौलांतून येणारा एक उन्हाचा पट्टा होता, तो सरकेल तशी मी सरकायचे. काय वाचतेस म्हणून कुणी विचारलं नाही, किती झालं म्हणून विचारलं नाही. एखादी गोष्ट नाही आवडली तर टाकून दुसरी घ्यायची. क्रमशः कथेचा पुढचा अंक ट्रंकेत नसला तर तिचा शेवट मनानेच करायचा. माझं वाचन तिथे सुरू झालं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: एक पुस्तक नेऊ नका, पाच न्या. ती मुलानेच निवडू देत. आणि घरी नेल्यावर शोकेसमध्ये किंवा दप्तरात न ठेवता पडवीत ठेवा, झोपाळ्यापाशी, मूल जिथे लोळतं तिथे. कोकणातली मेमधली दुपार किती लांब असते ते तुम्हाला ठाऊक आहे. समुद्रावर जायला ऊन, आगरात जायला आजीचा विरोध, लाइट गेलेली, आणि रेंज यायची तर ती परसातल्या जांभळाखाली. अशा वेळी हात आपोआप पुढे जातो तो हाताशी असलेल्या वस्तूकडे. ती वस्तू पुस्तक असावं, एवढीच व्यवस्था मोठ्या माणसांनी करायची असते.

हे मी केवळ माझ्या अनुभवावरून म्हणत नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. मुलांना सुट्टी लागण्याआधी १२ पुस्तकं घरी न्यायला दिली, अशा सलग तीन सुट्ट्या, आणि पुस्तकं मुलांनी स्वतः निवडायची होती. २०१० साली त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्यांना पुस्तकं मिळाली ती मुलं वाचनात न मिळालेल्यांच्या पुढे होती, आणि सगळ्यात गरीब घरांतल्या मुलांना फायदा जास्त झाला. ती मुलं तुमच्या मुलापेक्षा लहान होती, पहिली-दुसरीपासूनची. पण निवड मुलांकडे सोपवण्याचा मुद्दा मला सहावी-सातवीला तर दुप्पट लागू वाटतो. या वयात शर्टाचा रंगसुद्धा आईने ठरवलेला चालत नाही.

एक प्रसंग सांगते. बहिणीला पुण्याला आंबे पाठवायचे होते म्हणून शेजारच्या वाडीत पेट्या आणायला गेले होते. खळ्यात आजोबा पेट्या भरत होते आणि नातू हाताखाली होता. खाली पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, मध्ये रद्दी पेपर, पुन्हा थर. कागद घालायचं काम नातवाकडे. या मुलाची आई आठ दिवसांपूर्वीच मला म्हणाली होती, "अक्षराकडे बघत नाही हो." आणि तो उकिडवा बसून, एका हातात आंबा तसाच धरून, पेटीवर पसरलेला पेपर वाचत होता. विहिरीत बिबट्या पडल्याची बातमी होती. वाचता वाचता तो थांबला, कारण खाली छापलं होतं, 'उर्वरित पान ७ वर'.

त्याने रद्दीचा गठ्ठा उपसला. पान ७ मिळेना. मग त्याला आठवलं की त्या पेपरचा दुसरा कागद मघाशी आधीच्या पेटीत गेला. त्याने त्या पेटीचा वरचा थर काढला. डझनभर आंबे एकेक करून, देठ वर येईल असे पेंढ्यावर ओळीने मांडले, खालचा कागद अलगद ओढून काढला आणि उभ्या उभ्या वाचला. वनखात्याच्या लोकांनी दोर लावून पिंजरा विहिरीत सोडला होता आणि बिबट्या त्यात चढून बसला होता. हे कळल्यावर त्याने दुसरा कागद घातला, आंबे पुन्हा होते तसे लावले आणि पेटी पुढे सरकवली. आजोबा सगळं बघत होते. बोलले काही नाहीत. मला त्यांचं ते न बोलणं फार मोलाचं वाटलं.

दोन दिवसांनी तो माझ्याकडे आला. "बिबट्याचं काय हाय?" पाच पुस्तकं घेऊन गेला. तीन अर्ध्यावर टाकून परत आणली, एक पूर्ण वाचलं, एक अजून त्याच्याकडेच आहे. या हिशोबाने मी खूश आहे. मोठी माणसं कंटाळवाणं पुस्तक मिटून ठेवतात तेव्हा त्यांना कुणी बोलत नाही. मुलांनी तसं केलं की आपण त्याला धरसोड म्हणतो.

काही मुलांना गोष्टी नकोच असतात. आमच्याकडे येणारी आठवीतली एक मुलगी म्हणायची, "खोटं असतं सगळं." तिला मी कातळशिल्पांवरची पुस्तिका दिली. आपल्या सड्यांवर, बारसूला, कशेळीला, उक्षीला, देवाच्या गोठण्याला जांभ्या कातळात कोरलेली ही चित्रं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत त्यांचं नाव गेलं. कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या अंगात बाकीचे किती प्राणी कोरलेत ते ती फोटोवर बोट ठेवून मोजत बसली. मग म्हणाली, "यात गेंडा दाखवलाय. इथे कुठे होता गेंडा?" मी म्हटलं, शोध. ती महिनाभर शोधत होती. प्राण्यांचं पुस्तक झालं, अश्मयुगाचं झालं, जुना नकाशा झाला. गोष्टीचं पुस्तक तिने अजून उघडलेलं नाही आणि मी तिच्या मागे लागणारही नाही.

चित्रकथांबद्दल घरोघरी नाराजी असते, ती सोडा. मुंबईहून येणाऱ्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी बोलता उत्तम येतं, पण पानभर मजकूर दिसला की जोडाक्षरापाशी ठेच लागते आणि लाज वाटते. त्यांच्या हाती मी 'चिंटू' देते. तीन-चार चौकटी, थोडीच वाक्यं, शेवटी हसू. दिवसभरात पन्नास चौकटी झाल्या की डोळा सरावतो. मग फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे, चालायला लागतो. भा. रा. भागवतांनी वाक्यं अशी पळती लिहिली आहेत की अडखळायला सवड मिळत नाही. याच भागवतांनी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नही मराठीत आणला, त्यामुळे फेणे संपवून आलेल्या मुलाला मी त्याच फळीवर थोडं पुढे सरकवते.

आणखी एक. आजीला मध्ये घ्या. आजी अंगणात आमसुलं वाळत घालत असते, तिचे हात रतांब्याच्या रसाने लाल आणि चष्मा घरात. "मला दिसत नाही बाबा, तू वाच," असं तिने म्हटलं की मूल वाचतं, कारण त्यात परीक्षा नसते, मदत असते. आजीने चूक दुरुस्त केली तरी ती लागत नाही.

मोबाइलवर इतकं रागावू नका. 'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढते आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. रेंज असेल तेव्हा दोन-चार अंक उतरवून ठेवलेत तर दुपारी उपयोगी पडतात. तरी कागद तो कागद, असं मी म्हणेन. मोबाइलवर वाचणारा मुलगा बाजूला काय वाजलं ते बघायला जातो आणि परत येत नाही.

आता 'श्यामची आई'. दहातली सात माणसं हेच मागतात. "आम्ही वाचलं, रडलो, त्यालाही द्या." माझ्यासाठीही ते फार जवळचं पुस्तक आहे. साने गुरुजी आपल्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ते लिहिलं. पण आजच्या सहावीतल्या मुलाच्या हातात ते देऊन "वाच" म्हणून निघून जाऊ नका. सोवळं, स्नानसंध्या, सावकाराचा तगादा, यातलं त्याच्या आसपास काही उरलेलं नाही. तो चार पानांत पुस्तक मिटेल आणि तुम्हाला वाटेल, याला भावनाच नाहीत. त्या पुस्तकाची प्रकरणं म्हणजे रात्री आहेत. संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर श्याम सवंगड्यांना एकेक आठवण सांगतो. तेव्हा तेही तसंच घ्या. जेवणं झाली, लाइट गेली, कंदील किंवा बॅटरी लावली, की एक रात्र मोठ्याने वाचा. सुरुवात पोहण्याच्या प्रकरणाने करा. श्यामला पाण्याची भीती वाटते, तो लपून बसतो आणि आई त्याला मारत मारत विहिरीकडे पाठवते. मेमध्ये आपल्याकडे निम्मी मुलं विहिरीत पोहायलाच शिकत असतात, पाठीला डबा बांधून, पहिल्या उडीला काठावर रडत. त्यांना ते प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. आमच्या पडवीत मी ते वाचलं तेव्हा एक पोर मध्येच म्हणालं, "माझ्या काकानं पण मला असाच ढकलला." मग बाकीच्यांच्या विहिरी सुरू झाल्या आणि पुस्तक अर्धा तास माझ्या मांडीवर उघडंच राहिलं.

वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नका, ही माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. सारांश लिहून घेऊ नका, रोज किती पानं याचा तक्ता भिंतीवर लावू नका. विचारायचंच तर "पुढे काय झालं?" एवढं विचारा आणि खरंच ऐका.

पुस्तकं कधी परत करायची, हेही सगळे विचारतात. मिरगाच्या आधी, ७ जूनच्या आत, एवढंच माझं म्हणणं असतं, कारण पाऊस लागला की कागदाला बुरशी धरते. डागांबद्दल घाबरू नका. गेल्या जूनमध्ये एक पुस्तक परत आलं, उघडलं तर शिवणीतून वाळू सांडली. पान ४३ च्या कोपऱ्यावर आंब्याच्या रसाचा अंगठा उमटला होता, रेषान् रेषा दिसावी असा. पुढे पान ५८ वर तोच अंगठा, जरा फिका. ९१ वर अगदी पुसट. मी शिक्का मारला आणि पुस्तक पुन्हा फळीवर ठेवलं.