१८२१ साली तिकडे मेक्सिकोत
आपल्या गोव्यात 'गॅझेटा द गोवा' हे वर्तमानपत्र १८२१ च्या डिसेंबरात निघालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तिकडे मेक्सिको स्पेनपासून सुटला, हे कळल्यापासून मी तिथल्या छापखान्यांच्याच मागे लागलोय. नुसता धुमाकूळ हो! फ्रीमेसन म्हणजे एक गुप्त बंधुमंडळ, त्यांचे तिथे दोन गट: स्कॉटिशवाल्यांचं वर्तमानपत्र 'एल सोल', यॉर्कवाल्यांचं 'आगिला मेहिकाना', म्हणजे पेपर हीच पार्टी. माझा फेव्हरिट मात्र तिथला लेखक लिझार्दी, हा पत्रकं काढायचा, फेरीवाले ती रस्त्यात ओरडून विकायचे, ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याकडून ऐकायचे, आपल्या तिठ्यावर पेपर ऐकतात तसं. १८२२ त फ्रीमेसनांची बाजू घेतली म्हणून चर्चने बहिष्कृत केला तरी बाबा लिहीतच राहिला, १८२७ त जाईपर्यंत. उलट स्वतंत्र मेक्सिकोचा सम्राट झालेल्या इतुर्बिदेची गादी तर वर्षभरही टिकली नाही.