पाटीवरचं खालचं नाव

नेदरलँड्सच्या फ्रिसलंड प्रांतात गावाच्या वेशीवर निळी पाटी असते. वर ठळक अक्षरांत गावाचं नाव आणि खाली बऱ्याचदा बारीक अक्षरांत पालिकेचं; तिथे अनेक गावं मिळून एक पालिका असते. वरच्या नावाला सहसा कोणी हात लावत नाही. खालचं मात्र हल्ली फार वेळा बदलावं लागतं, कारण लहान पालिका मोडून मोठ्या केल्या जातात.

योरवर्टचंच बघा. जेमतेम तीनेकशे वस्तीचं गाव. तिथे १९५० साली जन्मलेली एखादी आजी बारडराडेल पालिकेत जन्मली, १९८४ साली लिट्टेन्सराडील पालिकेत गेली आणि २०१८पासून ती लेउवार्डनची. तेही उंबरठा न ओलांडता! लेउवार्डन त्या वर्षी युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, म्हणजे गायीगुरांच्या गावाला बसल्याजागी राजधानीचा पत्ता मिळाला.

लिट्टेन्सराडील मोडली तेव्हा तिची २९ गावं तीन पालिकांत वाटली गेली, भाऊबंदकीत शेत वाटतात तशी. कारण खर्चाचं. २०१५ साली सरकारने मुलांची, म्हाताऱ्यांची, बेरोजगारांची बरीच कामं पालिकांच्या गळ्यात घातली. अकरा हजार वस्तीच्या पालिकेला त्यासाठी तज्ज्ञ माणसं ठेवणं कसं परवडणार? प्रांतात १९८४पूर्वी ४४ पालिका होत्या, आता १८ उरल्यात. हिशेब मला पटतो. पण कचेरी लांब गेली की ओळखीचा कारकूनही जातो, त्याचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा?

अर्थात, गाव पालिकेच्या जिवावर उभं होतं असंही नाही. १९५१ साली योरवर्टच्या जुन्या चर्चचा मनोरा कोसळला. तो पुन्हा बांधायला पैसे हवेत म्हणून गावकऱ्यांनी नोटरीच्या बागेत नाटक बसवलं. मनोरा कधीच उभा राहिला, पण नाटक काही थांबलं नाही! अजूनही उन्हाळ्यात त्याच बागेत फ्रिजियन या प्रांताच्या भाषेत प्रयोग होतात आणि प्रांतभरातून लोक येतात. वर्गणीची पावती फाडण्यापेक्षा ही युक्ती कितीतरी बरी.

शिवाय जवळपास प्रत्येक गावात ‘डोर्प्सबेलांग’ असतं, म्हणजे आपलं ग्रामहित मंडळ. पालिका जसजशी मोठी होत गेली, तसतशी या मंडळांची जबाबदारी वाढली. रस्त्यावरचा दिवा असो, खेळाचं मैदान असो की समाजमंदिराचं गळकं छप्पर, पालिकेशी भांडायला हेच पुढे. पगार नाही, भत्ता नाही. बैठकीत कॉफी तेवढी मिळते.