घटस्फोट मिळाला, गृहकर्ज मात्र दोघांचंच राहिलं

कोर्टाने आम्हाला मोकळं केलं, त्यानंतर बँकेने मोकळं करायला 7 महिने लावले.

हुकुमात स्वच्छ लिहिलं होतं, घर माझं आणि उरलेले हप्तेही माझेच. मला वाटलं, ती प्रत दाखवली की काम झालं. काउंटरमागच्या गृहस्थांनी शेवटच्या पानावरचा शिक्का बघितला आणि प्रत परत सरकवली. "हा तुमच्या दोघांतला निवाडा आहे, मॅडम. बँक त्यात पक्षकार नाही. आमच्याकडे कर्जदार दोन आहेत."

राग आला, पण ते खोटं बोलत नव्हते. संयुक्त कर्जात अर्धं त्याचं, अर्धं माझं असं नसतं. पूर्ण रकमेला दोघंही बांधलेले. एकाने हप्ता थकवला तरी डाग दोघांच्या क्रेडिट रेकॉर्डवर. म्हणून भांडण कितीही पेटलेलं असो, हप्ता थांबवू नका. वादातल्या रागाचं व्याज आपल्यालाच भरावं लागतं.

मग सहकर्जदार वगळायचा अर्ज. त्यात रकाना, 'सहकर्जदाराशी नाते'. मी 'पती' लिहिलं, खोडलं, वर 'माजी' लिहिलं. खाडाखोड चालत नाही म्हणून अर्ज परत. नव्या अर्जावर सही दोघांचीच हवी, तीही शाखेत समोरासमोर. ज्याच्याशी वकिलामार्फतच बोलत होते, त्याला मेसेज करून वेळ मागायची. तो आला तर संबंधित अधिकारी रजेवर. असं दोनदा.

खरी गाठ पुढेच होती. घरावरचा हक्क सोडल्याचा कागद झाल्याशिवाय बँक त्याचं नाव कर्जातून काढेना आणि कर्जातून नाव निघाल्याशिवाय तो हक्क सोडेना. तेव्हा मी त्याला आडमुठा म्हणाले. आज म्हणेन, त्याचं बरोबर होतं. घराची मालकी वेगळी, कर्ज वेगळं. मालकी सोडून कर्ज गळ्यात ठेवणं कुणीही पत्करू नये. शेवटी वकिलांनी बँकेकडून आधी लेखी संमतीपत्र घेतलं आणि दोन्ही कागदांवर एकाच दिवशी सह्या करून घेतल्या. हे पहिल्याच महिन्यात सुचलं असतं तर!

हो, एक राहिलंच. नाव काढायचं म्हणजे बँक तुम्हाला नव्याने तोलते, फक्त तुमच्या एकटीच्या पगारावर. माझा पगार कमी पडला. साठवलेल्यातून काही मुद्दल फेडलं, मुदत वाढवून घेतली, तेव्हा कुठे बसलं. मुदत वाढली की एकूण व्याज वाढतं, हे आकडे मांडून बघा. त्याच सुमाराला कर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवायची चौकशी केली होती. ते कानावर गेल्यावर आमच्या शाखेतली फाइल जरा लवकर हलली, असा माझा संशय आहे. आणि घराचा तिढा सुटायच्या आधी तुमच्या वाटणीचा हिशेब करणार असाल, तर घराच्या बाजारभावातून उरलेलं कर्ज वजा करूनच करा.

नाव निघाल्याचं पत्र हातात आलं, त्या दिवशी मी ते बसमध्ये तीनदा वाचलं. महिन्याभराने स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढून तपासला. कर्जाच्या विम्यावर नॉमिनी म्हणून अजून तोच होता, तेही बदललं.

पुढच्या हप्त्याच्या दिवशी त्याचा मेसेज आला. 'हप्ता कापला गेला' हा बँकेचा निरोप त्याच्याच फोनवर गेला होता. त्याने एक शब्द न लिहिता तो मला पाठवला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच काउंटरवर, मोबाइल नंबर बदलायचा अर्ज घेऊन.