तुम्ही विचारलंत म्हणून : खाणीत प्लॅटिनम दिसतं का?

दक्षिण आफ्रिकेत रुस्टेनबर्गच्या बाजूला प्लॅटिनमच्या खाणीत जिऑलॉजिस्ट म्हणून बरीच वर्षं काढली, आता कोल्हापुरातच असतो, आणि गुजरीत असो नाहीतर कुणाच्या लग्नात, हे कळलं की लोक हमखास विचारतात, खाणीत प्लॅटिनम दिसतं का हो, भिंतीत चमकत असेल की?

नाही दिसत. चांगल्या दगडात सुद्धा टनामागे 4 ते 6 ग्रॅम, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम सगळे मिळून, आणि ते बहुतेक गंधक, आर्सेनिक असल्यांशी जोडलेल्या कणांत असतं, कण इतके बारीक की मायक्रोस्कोप लागतो. एका अंगठीसाठी टनभर तरी दगड वर आणावा लागतो. नवीन माणूस खाली आला की पिवळे ठिपके बघून खूश होतो, पण ते कॅल्कोपायराईट, तांब्याचं खनिज.

मग आम्ही बघतो काय? थर. त्याला तिथे रीफ म्हणतात आणि मुख्य दोन आहेत. मेरेन्स्की रीफ म्हणजे पांढरं फेल्डस्पार आणि तपकिरी पायरॉक्सीन या खनिजांचे मोठे मोठे स्फटिक, वर-खाली क्रोमाईटची, म्हणजे क्रोमियमच्या काळ्या खनिजाची, बोटभर किंवा त्याहून बारीक काळी रेघ. 1924 साली एका शेतकऱ्याला कोरड्या नाल्यात प्लॅटिनमचे कण मिळाले, त्यावरून जिऑलॉजिस्ट हान्स मेरेन्स्कींनी मूळ थर शोधून काढला. त्याच्याखाली, कुठे 20-25 मीटरवर तर कुठे साडेतीनशेवर, दुसरी रीफ, यूजी-2, हा जवळजवळ सगळाच क्रोमाईट, काळा आणि उचलला की हाताला जड. दोन्ही बहुतेक ठिकाणी मीटरभर किंवा त्याहून कमी जाडीचे, पण शेकडो किलोमीटर पसरलेले. मला याचं अजूनही अप्रूप वाटतं.

पन्हाळ्याला जाणारे लोक पुढचा प्रश्न विचारतात आणि तो मला फार आवडतो: आपल्याकडे पण काळा दगड थरावर थर आहे, मग प्लॅटिनमची खाण का नाही? तर आपला दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, जमिनीवर आला, पसरला, निवला, मग त्यावर पुढचा लोट, म्हणजे पन्हाळ्याचा प्रत्येक थर वेगळ्या वेळी आलेला. तिकडचा बुशवेल्ड, म्हणजे या रीफ ज्यात आहेत तो सगळा प्रचंड दगड, दोनशे कोटी वर्षांहून जुना, आणि त्याचा वितळलेल्या दगडाचा रस जमिनीखालीच अडकला, कित्येक किलोमीटर जाडीचा, त्यामुळे सावकाश निवला आणि आतल्या आत वेगळा होत गेला. मधेच नवा रस आत शिरायचा. अशात गंधकवाला द्रव मूळ रसात मिसळून राहिना, पाण्यात तेलाचे थेंब राहतात तसा अलग झाला, फक्त हा जड, आणि प्लॅटिनमला त्याची ओढ प्रचंड, भोवतीच्या रसातलं जेवढं मिळालं तेवढं ओढून घेतलं. पण ते नेमकं या बारक्या थरातच का साचलं, क्रोमाईट एवढं एका जागी कसं आलं, यावर आजही जोरात वाद आहेत. स्फटिक फक्त तळाला बसले एवढंच स्पष्टीकरण मला स्वतःला पुरेसं वाटत नाही.

कागदावर हा थर बशीसारखा सरळ मधल्या बाजूला उतरत जातो, खाली गेलं की तसं नसतं. कुठे फॉल्ट, म्हणजे दगडातली सरकलेली भेग, येतो आणि रीफ एकदम वर नाहीतर खाली सरकते, कुठे डाईक, म्हणजे थर कापत घुसलेली दुसऱ्या दगडाची उभी भिंत, आडवा येतो, आणि सगळ्यात त्रासाचे म्हणजे पॉटहोल. नाव रस्त्यातल्या खड्ड्याचं असलं तरी हे काही मीटरपासून शेकडो मीटर रुंद असतात, तिथे रीफ आपली जागा सोडून खालच्या थरांना कापत खोल बसते, आणि कडेला दगड फुटका, ग्रेडचा, म्हणजे टनामागे किती ग्रॅम मिळेल याचा, भरवसा नाही. रीफचा उतार अचानक वाढला, खालचा ओळखीचा थर बारीक व्हायला लागला की समजायचं पुढे पॉटहोल आहे, मग ड्रिल मारून खात्री करायची, आणि ती जागा बऱ्याचदा सोडूनच द्यायची. जिऑलॉजिस्टचा खरा पगार या निर्णयाचा असतो असं माझं मत आहे.

यूजी-2 मध्ये आणखी एक गोष्ट. त्याच्या डोक्यावर थोड्या अंतरावर क्रोमाईटच्या बारीक पट्ट्या असतात आणि दगड तिथून सुटतो. खाली मीटरभर उंचीच्या जागेत माणसं वाकून, गुडघ्यावर बसून ड्रिल चालवत असतात, म्हणून त्या पट्ट्या छतापासून किती वर आहेत हे रोज मोजावं लागतं, सपोर्ट त्यावर ठरतो. ग्रेडचा आकडा चुकला तर कंपनीचे पैसे जातात, हा चुकला तर माणूस जातो. मी आधी हेच मोजायचो, ग्रेड नंतर.

आणि हो, क्रोमाईट बघायचा असेल तर आफ्रिका गाठायला नको, फोंडा घाट उतरून कणकवलीजवळ जानवली-वागद्याला आहे. फक्त क्रोमाईट दिसला म्हणजे प्लॅटिनम आलंच असं धरू नका.