अंबाल्याचा मायक्रोस्कोप आणि आम्ही सात-आठजण

सांगलीतल्या आमच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी ‘मायक्रोस्कोप मंडळाचा इतिहास’ लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा आधी हसूच आलं. मंडळाला ना नोंदणी होती, ना अध्यक्ष, ना धड नाव. शनिवारची सकाळची शाळा सुटली की प्रयोगशाळेत रेंगाळणारी आम्ही सात-आठ पोरंपोरी, जीवशास्त्राचे सर आणि अंबाल्याहून आलेला एकुलता एक मायक्रोस्कोप, एवढाच ऐवज. त्याला दिवा नव्हता. खालचा आरसा खिडकीकडे वळवून उजेड पकडायचा. आभाळ भरून आलं की सभा तहकूब.

या वेडाचं घराणं मोठं आहे, हे सरांनीच सांगितलं. लेवेनहूक हा हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी. लॅटिन येत नव्हतं, म्हणून लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे शास्त्रज्ञांच्या संस्थेला, डच भाषेत पत्रं लिहायचा. एकाच भिंगाच्या घरगुती यंत्रातून त्यानं १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यातले जीव पाहिले आणि १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचं किटण. ‘व्यापारी’ म्हटल्यावर आमच्यातला हळदीच्या अडत्याचा मुलगा एकदम ताठ बसला होता. पुढं लंडनमध्ये १८३९ साली मायक्रोस्कोपवाल्यांची पहिली सोसायटी निघाली, आणि हौशी मंडळींनी १८६५ मध्ये आपला वेगळा क्वेकेट क्लब काढला. ही माणसं सुट्टीच्या दिवशी बाटल्या आणि जाळी घेऊन गावाबाहेरची डबकी पालथी घालायची. तो क्लब आजही चालू आहे.

आमचं डबकं म्हणजे काळी खण. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालचं वाहतं पाणी आणलं तर बहुतेक वेळा गाळच दिसायचा. खणीतल्या हिरव्या पाण्यात मात्र जत्रा. स्पायरोगायरा या शेवाळाच्या धाग्यातली हिरवी वळणदार पट्टी, धक्का लागताच देठ आखडून घेणारा वोर्टिसेला, आणि डोक्यावर दोन चाकं गरगरवणारा रोटिफर. सरांचा दंडक होता: आधी चित्र, मग नाव. प्रत्येकानं आपल्या पाळीला पाहायचं, वहीत काढायचं आणि मगच दुसऱ्याची वही बघायची. रोटिफरची चाकं खरंच फिरतात की नाही, यावर आमचं जोरदार भांडण झालं. सर पुढच्या शनिवारपर्यंत काही बोलले नाहीत. मग सांगितलं, की तिथं चाक नाहीच. बारीक केसांचं कडं आहे आणि ते केस एकामागून एक हलतात, म्हणून फिरल्याचा भास होतो. लेवेनहूकलाही चाकंच दिसली होती म्हणे. आमची अब्रू वाचली.

पण मंडळाचा खरा जम बसला तो हळदीवर. सांगलीच्या पोरांना दुसरं काय सुचणार! कुणीतरी शेतातून ओला कंद आणला, अडत्याच्या मुलानं हरिपूरच्या पेवातलं, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातलं, हळकुंड आणलं. ओल्या हळदीत स्टार्चचे चपटे, लांबट कण सुटे सुटे दिसत होते. हळकुंडाच्या पुडीत मात्र एकही सुटा कण नाही, नुसते पिवळे, बेढब गठ्ठे. कारण काढणीनंतर हळद शिजवतात आणि त्यात स्टार्च फुगून पेशीतच चिकटून बसतो. मग सुट्या हळदीची एक पुडी आली. तिच्यात पिवळ्या गठ्ठ्यांच्या मधून पांढरे, कोनदार, सुटे कण. मक्याच्या पिठाशी ते तंतोतंत जुळले. आयोडिन टाकून भेसळ कळते असं आम्ही धरून चाललो होतो, पण हळदीच्या अंगचा स्टार्चही निळाच होतो. इथं नजरच कामाची. पुडी कुठल्या दुकानातली, हे सरांनी वहीत लिहू दिलं नाही.

तासगावहून एसटीनं येणारा एकजण द्राक्षाची पानं आणायचा. भुरी आणि डाऊनी हे द्राक्षाचे दोन रोग: भुरी पानाच्या वरच्या बाजूला, डाऊनीची पांढरी लव खालच्या बाजूला. डाऊनीचा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवला तर फांद्याफांद्यांचं झाड आणि टोकाला लिंबं लागल्यासारखे बीजाणू. तास-दोन तासांनी त्यांतून पोहणारे जीव बाहेर पडतात. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण पाऊस पडायच्या आधी का मारायचं, हे त्याच्या वडिलांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यानं ते घरी जाऊन थेंबासकट समजावलं. पुढं तो शेतीच्या कॉलेजात गेला.

सरांची बदली झाली आणि मंडळ थांबलं. त्यात कुणाचा दोष नाही. अशी मंडळं एका माणसाच्या जिवावर चालतात.

मधल्या काळात स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या चमूनं कागदाचा घडीचा फोल्डस्कोप काढला, २०१४ पासून त्याची चर्चा आहे. मायक्रोस्कोपची टंचाई आता राहिलेली नाही. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून प्रयोगशाळेला काही द्यायचं ठरत असेल, तर माझं मत साध्या दोन मायक्रोस्कोपना आहे, मोठ्या पडद्याला जोडायच्या कॅमेऱ्याला नाही. पडद्यावर सगळ्यांना एकदम एकच दिसतं, मग भांडायचं कशावरून? माझा वाटा मी कार्यालयात भरला आहे.