फूल की दोन पानं?

गोव्याच्या हद्दीवर, पत्रादेवीच्या नाक्यावर पोलिसाने डिकी उघडायला लावली. आत गुळाची ढेप, कांदा-लसूण चटणीचा डबा आणि माझी बॅग. "ह्यात काय?" गूळ. त्याने वाकून वास घेतला. २०२२ चा जानेवारी, आचारसंहिता लागून आठवडा झालेला, भरारी पथकाचा कॅमेरावाला शेजारीच उभा. त्यामुळे आमच्या गुळाचं रीतसर चित्रीकरण झालं. एरवी इथे गोव्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्या तपासतात (कशासाठी ते सांगायला नको). निवडणूक आली की आत काय चाललंय तेही बघतात.

एसटीचा संप चालू होता, म्हणून मामेभावाच्या गाडीने कोल्हापूर-आजरा-आंबोली-सावंतवाडी असं करत आले. नाक्याजवळच हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी इथे गोळ्या झाडल्या. आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं, की गोवा सोडवायला आपलीच माणसं गेली होती. त्या 'आपली'मध्ये कोण कोण येतं हे मी कधी विचारलं नव्हतं. मावशीच्या घरी आठ दिवस राहिले तेव्हा ते विचारावं लागलं.

मावशी सावंतवाडीची, फोंड्याला दिलेली. तिच्या घरात सगळे कोकणी बोलतात. काका मात्र सकाळी मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, संध्याकाळची आरती मराठीत, भजनी मंडळात अभंग मराठीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतल्या कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीला सरकारी कामात वापरण्याची मुभा ठेवली, ह्या 'मुभे'वर काका अजूनही चिडतात. मला वाटलं, चला, हे घर आपलंच. जेवताना विचारलं, "काका, आज महाराष्ट्रात विलीन व्हायचं मतदान झालं तर?"

काका भात कालवताना थांबले. "वेड लागलंय? चाळीस आमदार आहेत आमचे. तिकडे गेलो तर दोन जिल्हे होऊ. माझ्या गटाराच्या तक्रारीला मुंबईला जाऊ?"

ह्या चाळीसची गंमत बाहेरच्याला लवकर कळत नाही. मतदार सगळे मिळून साडेअकरा लाखांच्या आसपास, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी एकोणतीस हजार. आमच्याकडे विधानसभेचा मतदारसंघ याच्या कितीतरी पट मोठा. इथे आमदार बारशाला येतो, तेराव्याला येतो, आणि आला नाही तर ते लक्षात ठेवलं जातं. कोरोनामुळे त्या वर्षी सभांवर बंदी होती, तरी कुणाचं काही अडल्यासारखं दिसलं नाही. प्रचार मुळातच ओसरीवर चालतो.

मावसभावाचं राजकारण वेगळं. वय तेवीस, मोबाइलच्या मागे फुटबॉलचा स्टिकर. म्हणजे रिव्होल्यूशनरी गोवन्स पक्ष, फुटबॉल हे त्यांचं चिन्ह. त्यांचं म्हणणं 'पोगो', गोंयकार कोण ते कायद्याने ठरवा: आई-वडील किंवा आजी-आजोबा २० डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले पाहिजेत. जमीन भायल्यांनी (बाहेरच्यांनी) घेतली, नोकऱ्या भायल्यांनी घेतल्या, हे तो मला, एका भायलीला, चहा पाजत समजावत होता. मी विचारलं, "मग मी कोण?"

"तूं घाटीच," तो म्हणाला. "पूण आमची घाटी."

"आणि तुझी आई?"

तो कपबशी ठेवायला आत गेला. मावशी ओट्यापाशी खोबरं खवत होती. खवणीचा आवाज मधेच थांबला, मग जास्त जोरात सुरू झाला.

मी सगळ्यात जास्त बसले ती आजींजवळ, मावशीच्या सासूबाईंजवळ. वय एक्क्याऐंशी. कान बरे, डोळे अधू, सुपारी कातरायचा अडकित्ता कायम हाताशी. त्यांनी १६ जानेवारी १९६७ ला मत दिलं होतं. त्या मतदानाला गोव्यात 'जनमत कौल' म्हणतात. विलीनीकरण पाहिजे तर 'फूल', केंद्रशासित राहायचं तर 'दोन पानां'. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री होते, विलीनीकरणाच्या बाजूचे. कौल निःपक्ष व्हावा म्हणून त्यांनी आधीच राजीनामा दिला. निकाल लागला: विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१, बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१.

"तुम्ही कशाला दिलं?"

"फुलाक."

मला बरं वाटलं. मी म्हटलं, म्हणजे महाराष्ट्र हवा होता. आजींनी अडकित्ता खाली ठेवला.

"आमकां म्हाराष्ट्र खंय जाय आशिल्लो? आमकां भाटकार नाका आशिल्लो."

महाराष्ट्र हवा म्हणून नव्हे, भाटकार, म्हणजे जमीनदार, नको म्हणून. मग तासभर ऐकलं ते सगळं भाटकारांचं आणि त्यांच्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकारांचं. भाटकाराच्या जमिनीत घर, त्यामुळे त्याने बोलावलं की हातातलं टाकून जायचं. घराला खोली वाढवायची तर त्याला विचारायचं. भाऊसाहेबांच्या सरकारने १९६४ मध्ये कूळ कायदा केला आणि गावागावात मराठी शाळा काढल्या. आजींचा मोठा मुलगा, म्हणजे काका, एका घराच्या ओसरीवर भरणाऱ्या शाळेत बाराखडी शिकला. त्या घरातला अक्षर ओळखणारा तो पहिला माणूस. आजींच्या लेखी मराठी म्हणजे ती ओसरी, आणि फूल म्हणजे भाऊसाहेब. त्यात सह्याद्रीपलीकडचं कुणी नव्हतंच. काका मराठीसाठी का भांडतात आणि महाराष्ट्राचं नाव काढलं की का हसतात, ते मला तिथे बसून कळलं.

आजींचा सख्खा भाऊ मडगावला 'राष्ट्रमत'च्या छापखान्यात खिळे जुळवायचा. 'राष्ट्रमत' हा मराठी पेपर, आणि विलीनीकरणाच्या विरोधात सगळ्यात तिखट लिहिणारा. उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' नावाचं सदर लिहीत. म्हणजे महाराष्ट्र नको हे गोव्याला मराठीत पटवून दिलं जात होतं, आणि ते आजींचा भाऊ रोज रात्री उलट्या अक्षरांत जुळवत होता. त्याने दोन पानांना मत दिलं. त्या वर्षी चवथीला तो बहिणीकडे जेवायला आला नाही. पुढच्या वर्षी आला. कुणीच विषय काढला नाही, आजी म्हणाल्या, आणि सुपारीचं खांड माझ्या तळहातावर ठेवलं.

आणखी एक. कौलात हरल्यावर दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि भाऊसाहेबांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष तीसपैकी सोळा जागा घेऊन पुन्हा सत्तेवर आला. त्यांची मागणी नाकारून लोकांनी त्यांनाच परत खुर्चीत बसवलं. टीव्हीवर पट्ट्या फिरवणारे आमचे विश्लेषक त्या वेळी असते तर काय बोलले असते, देव जाणे.

१६ जानेवारीला रविवार होता, कौलाच्या आठवणीचा 'अस्मिताय दीस'. मावसभावाच्या स्कूटरवरून मी पणजीला गेले. आजींनी अबोलीचा वळेसर (गजरा) दिला होता, भाऊसाहेबांच्या समाधीवर घालायला. समाधी मिरामारच्या किनाऱ्यावर आहे. मांडवीच्या काठाने तिथपर्यंत येतो तो रस्ता दयानंद बांदोडकरांच्या नावाचा, आणि मिरामारहून दोनापावलाकडे जातो तो डॉ. जॅक सिक्वेरांच्या नावाचा. सिक्वेरा म्हणजे युनायटेड गोवन्सचे, दोन पानांचे पुढारी. मी वळेसर ठेवला. मावसभाऊ रस्त्यावर स्कूटर चालूच ठेवून थांबला होता. "चल," म्हणाला, "आता माझ्या माणसाच्या रस्त्याने जाऊया," आणि सिक्वेरांच्या रस्त्याला लागला.

निघायच्या आदल्या दिवशी मावशीने देवळात नेलं. तिथे प्रसाद लावतात: पुजारी ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, मग पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून ते बघायचं. उजवी म्हणजे होय. आमच्या आधी एका उमेदवाराची माणसं नारळ घेऊन आली होती. पाकळी वीस मिनिटं हलेना. पंख्याचा वारा लागू नये म्हणून कुणीतरी पंखा बंद केला. घामाघूम होऊन सगळे एका पाकळीकडे बघताहेत. ती सुटली आणि डावीकडून पडली. त्यांच्यातला एक वयस्क माणूस पुजाऱ्याला हळूच म्हणाला, "परत लाव."

मी घरी पोचले त्याच सुमारास, २२ जानेवारीला, काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. निवडून आलेल्या अकरांतले आठ सप्टेंबरमध्ये भाजपमध्ये गेले. त्यांतले दिगंबर कामत म्हणाले, देवाला पुन्हा विचारलं. मला तो देवळातला माणूस आठवला.

१० मार्चला निकाल. बहुतेक एक्झिट पोलनी त्रिशंकू सांगितलेलं, भाजपला वीस मिळाल्या. तृणमूलबरोबर लढलेला मगो निकालानंतर भाजपबरोबर गेला. फोंड्यात भाजपचे रवी नाईक, ज्यांची आमदारकी मुळात मगोतून सुरू झाली, मगोच्याच उमेदवारापेक्षा ७७ मतांनी पुढे राहिले. तिकडे सांत आंद्रेत रिव्होल्यूशनरी गोवन्सचे वीरेश बोरकर ७६ मतांनी आले. मावसभावाने मला फुटबॉलची चित्रं पाठवून फोन भरवला.

मी मावशीला फोन केला. तिच्याकडे वेगळीच चर्चा. ऐंशीच्या वरच्यांना त्या वेळी घरबसल्या मत देता येत होतं, म्हणून अधिकारी पेटी आणि कागदी मतपत्रिका घेऊन घरी आले होते. आजींना खोलीत एकटं सोडून सगळ्यांना बाहेर काढलं. सून, मुलगा, नातू, तिघंही वेगवेगळ्या पक्षांचे, ओसरीवर उभे. तेव्हापासून तिघंही विचारताहेत.

"दे बरं त्यांना," मी म्हटलं. "आजी, मत कुणाला दिलं?"

पलीकडे अडकित्त्याचा कट्ट आवाज आला.

"फुलाक."

मागून काका ओरडले, "बघ, कमळ!" आणि मावशी त्यांच्यावर, "अहो, कसलं कमळ, कुणीही विचारलं की त्या सदुसष्टचंच सांगतात!"